मिसरच्या देवळांत शेतकऱ्याने काय पाहावे ?

मिसर देशाचे नाव निघाले म्हणजे पिरॅमिड, मसाले लावून राखून ठेविलेली राजांची प्रेते आणि अफाट वाळवंट, एवढ्याच गोष्टी आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या पाहावयास दरसाल जगातील लक्षावधी लोक तेथे जातात व त्यांच्या सोयीसाठी सफरीचा क्रमही ठरून गेलेला आहे. आधी कैरो व पिरॅमिड, नंतर लक्सर येथील देवळे व राजांची थडगी, तेथून नाईल नदीतून बोटीने एड्फू व कोम ओम्बो करीत आस्वान, आणि शेवटी दक्षिणेच्या टोकास अबू सिंबेल. बरोबर सरकारी परवाना असलेला मार्गदर्शक असतो. तो इतिहास सांगतो, तिकिटे काढितो, विक्रेत्यांच्या गराड्यातून सोडवितो, आणि सर्व वेळ एक डोळा घड्याळाकडे ठेवितो.

गेल्या हिवाळ्यात आम्हां पाच शेतकऱ्यांस ही सफर करण्याचा योग आला. निघताना, दहा दिवस शेतीचे नाव काढावयाचे नाही, असे आम्ही एकमेकांस बजाविले होते. त्यास कारणही होते. आम्हां पाचांपैकी तिघांची कालव्याखालील थोडीबहुत जमीन चोपण होऊन पडलेली आहे. ज्या वावरांत बापजाद्यांनी जोंधळा व गहू पिकविला, तेथे आम्ही उसाला अखंड पाणी दिले व आज पांढरी माती पाहात आहो. हे दुःख घरी ठेवून चार दिवस दुसरे काही पाहावे एवढाच हेतू होता. परंतु पहिल्याच दिवशी आमचा नियम मोडला, आणि तो साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मिसरी शेतकऱ्याने मोडविला. तेथे जे पाहिले, त्यातील वाचकबंधूंच्या उपयोगी पडण्यासारखे जे वाटले, ते येथे देत आहो.

पिरॅमिड कशावर उभा आहे

गीझा येथील खुफू राजाचा थोरला पिरॅमिड इ. स. पूर्वी २५६० च्या सुमाराचा आहे. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर असून तळाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आहे. म्हणजे नुसत्या तळाखाली तेरा एकर जमीन गेली. दगडांची संख्या अदमासे २३ लाख धरितात. हे काम गुलामांकडून चाबकाखाली करून घेतले अशी समजूत पुष्कळ काळ होती. गेल्या चाळीस वर्षांत पिरॅमिडांच्या दक्षिणेस मजुरांची वस्ती उकरून काढिली, तेव्हा तेथे भाकरी भाजण्याच्या भट्ट्या, धान्याच्या कोठारांच्या जागा आणि गुरामेंढरांच्या हाडांचे ढीग सापडले. मजुरांस पोटभर अन्न मिळत होते, आणि मेलेल्यांस पिरॅमिडाच्या सावलीत मानाने पुरीत होते. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसाची जुनी कागदपत्रे सापडली. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांची त्याची तुकडी तुरा येथील पांढरा चुनखडीचा दगड बोटींत भरून गीझास पोहोचवी, व दहा दिवसांत दोन-तीन खेपा होत. नाईलला पूर आला म्हणजे पाणी कालव्यांतून थेट पिरॅमिडाच्या पायथ्यापर्यंत चढे, आणि त्याच पाण्यावरून दगड येई.

मार्गदर्शकाने हे सांगितले तेव्हा आमच्यापैकी एकाने सहज विचारिले, "पण इतक्या माणसांस पुरेल एवढे धान्य आणीत कोठून ?" त्यावर तो हसून म्हणाला, "ते उद्या सक्कारास दाखवितो. तुम्ही शेतकरी आहात काय ? मीही शेतकऱ्याचाच मुलगा." ह्या उत्तरानंतर आमची सफर इतरांच्या सफरीहून थोडी वेगळी झाली.

सक्काराची भिंत

सक्कारा येथे झोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. इम्होतेप नावाच्या स्थपतीने रचलेली ही इमारत सुमारे ६२ मीटर उंच असून मिसरमधील सर्व पिरॅमिडांहून जुनी आहे. बहुतेक प्रवासी ती पाहून परततात. आम्हांस मात्र जवळच्या ती व मेरेरुका ह्या दोन अधिकाऱ्यांच्या थडग्यांत नेण्यात आले. आत पाऊल टाकताच आम्ही आपल्याच गावच्या शिवारात आलो असे वाटले. भिंतीवर बैलजोडी नांगर ओढीत आहे. बी फेकल्यावर ते चिखलात दाबले जावे म्हणून मेंढ्यांचा कळप त्यावरून हाकीत आहेत. लांब पात्याचा विळा नसून आखूड विळ्याने कणसे कापीत आहेत, गाढवांवर पेंढ्यांची ओझी लादीत आहेत, आणि खळ्यावर गुरे फिरवून मळणी चालली आहे. एके ठिकाणी गुरे पाण्यातून पार होत आहेत. गुराख्याने लहान वासरू पाठीवर घेतले आहे, व ते मान वळवून मागे आईकडे पाहात आहे. कोणत्या शेतकऱ्याने हे पाहिले नाही ?

पण मेरेरुकाच्या थडग्यात दुसरेही एक चित्र आहे. गावोगावच्या मुख्यांस हिशेबासाठी पकडून आणिले आहे. लेखनिक मांडीवर कागद घेऊन ओळीने बसले आहेत. ज्याचा भरणा कमी पडला त्याला खांबास बांधून काठ्यांनी मारीत आहेत. आपल्या गावचा पाटील कचेरीत उभा केलेला आम्ही ऐकून होतो. तो साडेचार हजार वर्षांपूर्वीही असाच उभा होता. पिरॅमिडाच्या मजुरांची भाकरी कोठून येत होती, ह्या कालच्या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीवर मिळाले.

पूर मोजण्याचा खांब

कैरोस नदीतील रोडा बेटावर एक इमारत आहे, ती ठरीव सफरीत बहुधा नसते. शेतकऱ्याने ती आवर्जून पाहावी. ती फराओंच्या काळची नव्हे. खलिफा अल्-मुतवक्किल याने इ. स. ८६१ साली ती बांधविली. मात्र तिच्यामागील विद्या फराओंच्या काळापासूनची आहे. दगडी विहिरीच्या मध्यभागी अष्टकोनी संगमरवरी खांब असून त्यावर हातांच्या खुणा कोरलेल्या आहेत. एक हात म्हणजे सुमारे ५४ सेंटिमीटर. नदीचे पाणी निरनिराळ्या उंचीवरील तीन बोगद्यांतून आत येई व खांबावर चढे. पुढे आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर नदीत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि कोम ओम्बोच्या देवळाजवळची विहीर, ह्याही त्याच कामाच्या जागा आम्ही पाहिल्या.

बारा हात पाणी म्हणजे उपासमार, चौदा-पंधरा हात म्हणजे निर्धास्तपणा, सोळा हात म्हणजे सुकाळ, असा हिशेब पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदविला आहे. त्याहून फार चढले तर बांध फुटून गावे वाहून जात. खांबावरील खुणेवरून त्या वर्षी किती जमीन भिजेल, किती धान्य येईल व सरकारने किती घ्यावे, हे पेरणीपूर्वीच ठरे. आपल्याकडील आणेवारी, जिला हल्ली पैसेवारी म्हणतात, ती पीक उभे राहिल्यावर होते. मिसरात ती नदीच्या पाण्यावरच होत असे. फरक इतकाच की खांब सर्वांस दिसे व खोटे बोलत नसे.

ह्या खांबाचे व आपले एक नाते आहे. नाईलचा पूर मिसरच्या पावसाचा नव्हे. मिसरमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. पुराचे बहुतेक पाणी व गाळ हबसाण म्हणजे इथिओपियाच्या डोंगरांवर आपल्याच पावसाळ्याच्या महिन्यांत पडणाऱ्या पावसाने येतो. प्रशांत महासागरातील एल निनो जोराचा झाला म्हणजे तेथील व आपला पाऊस बहुधा एकदमच मार खातो. १८७७ साली असेच झाले. दख्खनमध्ये दोन वर्षे दुष्काळ चालू होता, आणि त्याच साली नाईलचा पूर अतिशय कमी येऊन वरच्या मिसरात लोक अन्नावाचून मेले. एकमेकांचे नावही न ऐकलेले दोन मुलुखांतील शेतकरी एकाच आभाळाकडे पाहात होते.

मोजणीदाराचे थडगे

लक्सर येथे नदीच्या पश्चिम तीरावर राजांच्या थडग्यांची प्रसिद्ध दरी आहे. तूतनखामेन राजाचे थडगे तेथेच १९२२ च्या नोव्हेंबरात सापडले. त्यातील सोन्याविषयी सर्वांनी वाचले आहे. आम्हांस मार्गदर्शकाने त्यातील लहान बाहुल्यांविषयी सांगितले. मेलेल्या माणसास परलोकी शेतावर वेठीस बोलाविले, बांध घालावयास किंवा वाळू वाहावयास सांगितले, तर त्याच्या ऐवजी "मी आहे" म्हणून उठावे, यासाठी ह्या बाहुल्या थडग्यात ठेवीत, आणि पुष्कळांच्या हातांत कुदळी असत. तूतनखामेनच्या थडग्यात त्या ४१३ निघाल्या : वर्षाच्या प्रत्येक दिवसास एक याप्रमाणे ३६५ मजूर, ३६ मुकादम आणि दर महिन्याचा एक याप्रमाणे १२ वरिष्ठ. राजालाही शेतीच्या कामातून सुटका नव्हती. मात्र त्याच्याजवळ बदली देण्याची ऐपत होती.

त्याच तीरावर मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. काळ इ. स. पूर्वी १४०० च्या सुमाराचा. राजाच्या शेतांचा लेखनिक, म्हणजे मोजणीचा व वसुलीचा अधिकारी, असा त्याचा हुद्दा होता. उभ्या पिकात दोरी ताणून मोजणी चालली आहे. दोरीला ठराविक अंतरावर गाठी आहेत. खळ्यावर बैल फिरत आहेत, उपणणी होत आहे, लेखनिक मापे मोजीत आहेत. सरवा वेचणाऱ्या दोन मुली एकमेकींचे केस ओढून भांडत आहेत. दुसऱ्या दोघींत एक दुसरीच्या पायातील काटा काढीत आहे. आणि येथेही एक मनुष्य जमिनीवर पालथा पडलेला असून त्यास मार बसत आहे. ह्या थडग्यात मेन्नाचा चेहरा कोणीतरी जुन्या काळीच मुद्दाम खरवडून काढिला आहे. कोणी व का, हे लिहून ठेविलेले नाही. आम्हां पाचांपैकी प्रत्येकाने आपापल्या मनाशी एक उत्तर दिले, व ती उत्तरे सारखीच होती.

जवळच देइर अल्-मदीना येथे थडगी कोरणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. तेथील सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे १८८६ साली जसेच्या तसे सापडले. खोली लहान आहे, पण रंग काल दिल्यासारखे ताजे. सेन्नेजेम व त्याची बायको शुभ्र वस्त्रे नेसून स्वर्गात आहेत, आणि स्वर्गात ती काय करीत आहेत ? तो ठिपक्यांच्या बैलांचा नांगर धरून आहे, ती मागून बी पेरीत आहे. गहू माणसाच्या उंचीचा आहे, आणि भोवताली पाण्याचे पाट भरून वाहात आहेत. ज्या लोकांनी आयुष्यभर छिन्नी चालविली, त्यांनी मेल्यावर मागितले ते बारमाही पाणी आणि उभे पीक. पुढील हकीकत वाचताना हे चित्र वाचकांनी लक्षात ठेवावे.

धान्याचा पगार

त्या काळी मिसरात नाणे नव्हते. देइर अल्-मदीनाच्या कारागिरास दरमहा ४ पोती गहू व दीड पोते जव असा पगार होता. तेथील एका पोत्यात सुमारे ७६ लिटर धान्य मावे. गहू भाकरीसाठी व जव दारूसाठी. हे धान्य देवळांच्या कोठारांतून येई. रामेसियम ह्या देवळाच्या मागे कच्च्या विटांच्या कमानींची अशी कोठारे अजून उभी आहेत. दगडाचे देऊळ पडले, पण मातीची कोठारे तेहतीसशे वर्षे टिकली, हे पाहून आपल्या गावच्या पेवांची व कणग्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तिसऱ्या रामेसीसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्वी ११५७ च्या सुमारास, हा पगार थकला. तेव्हा कारागिरांनी काम सोडून देवळाच्या आवारात ठाण मांडिले. जगात नोंद असलेला पहिला संप तो हाच, असे म्हणतात. त्याचा वृत्तांत लिहिलेला पपायरस आज इटलीतील तुरीन येथे आहे.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर वाटते. थडग्यांत सापडलेला गहू पेरला असता उगवतो, अशी वदंता एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली होती आणि त्या नावाखाली बियाणे विकलेही जाई. ती निव्वळ फसवणूक होय. थडग्यांतील गहू व जव काळेठिक्कर पडलेले असतात व त्यांतील जीव केव्हाच गेलेला असतो. कोणी असे बी देऊ केले तर बंधूंनी घेऊ नये. मिसरमधून आपल्याकडे खरोखर आलेले बी म्हणजे बरसीम घासाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सिंधमध्ये आणून लाविले, व तेथून हिंदुस्थानात पसरले. नाईलकाठी हिवाळ्यात गव्हाच्या शेजारी तोच हिरवागार घास व तो खाणाऱ्या म्हशी पाहून आम्हांस परदेशात असल्याचा विसर पडे.

खांबांवरील पांढरे फूल

लक्सरच्या पूर्व तीरावर कर्नाक हे मिसरमधील सर्वांत विस्तीर्ण देवस्थान आहे. त्याच्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत. मार्गदर्शक वर पाहा म्हणत होता. आम्ही मात्र खाली पाहात उभे राहिलो. काही दगडांच्या तळाशी माणसाच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरा थर आलेला होता व दगड पापुद्र्यांनी सुटत होता. आमच्यातील एकाने वाकून बोटाने ती भुकटी घेतली, जिभेवर ठेविली, आणि एकच शब्द उच्चारिला : "आपलेच."

मार्गदर्शक धावत आला. दगडास हात लावण्याची मनाई आहे. आमचे चेहरे पाहून तो थांबला व काय झाले ते त्याने विचारिले. आम्ही आमच्या जमिनींची हकीकत सांगितली. तेव्हा त्याने कर्नाकची सांगितली. १८९९ च्या ऑक्टोबरात ह्याच मंडपातील ११ खांब कोसळले होते. पाणी व क्षार यांनी पाये पोखरले होते. पुढे वर्षभर कालव्याचे पाणी खेळू लागले तसतशी जमिनीखालची पाण्याची पातळी चढली. वाळूच्या दगडात ते पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे चढते, पृष्ठभागावर सुकते, व मागे राहिलेले मीठ स्फटिक होऊन दगड फोडिते. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्नाक व लक्सर ह्या दोन्ही देवळांभोवती खोल निचरा योजून ती पातळी खाली उतरविण्यात आली. "देवळासाठी जगभरातून पैसा येतो," तो म्हणाला, "शेतासाठी आपल्यालाच पाहावे लागते. संध्याकाळी वेळ असेल तर माझ्या वडिलांचे शेत दाखवितो."

आम्ही होडीने पलीकडे गेलो. त्यांचे दोन फेद्दान शेत आहे. एक फेद्दान म्हणजे एक एकर व दीड गुंठा. अर्ध्यात ऊस, बाकीत गहू व बरसीम. म्हातारबाबांस आमची भाषा येत नव्हती व आम्हांस त्यांची नव्हती; मुलगा मध्ये बोलत होता. परंतु ढेकूळ हातात घेऊन फोडण्याची रीत एकच आहे. त्यांनी शेताच्या एका कोपऱ्यात नेले. तेथे गहू विरळ, पिवळा, व मातीवर पांढरी साय. मग बांधाच्या पलीकडील एक खोल चर दाखविला. त्यास ते लोक मसरफ म्हणतात. पाणी आणणारा कालवा उंचावरून येतो, आणि वापरून उरलेले पाणी व त्यातील क्षार घेऊन जाणारा मसरफ खालून जातो. शेताखाली सुमारे सव्वा ते दीड मीटर खोलीवर भोके पाडलेले नळ घातलेले असतात व ते ह्या चरात उघडतात. १९७० नंतर मिसर सरकारने लक्षावधी फेद्दानांखाली असे नळ घातले आहेत.

"मग हा कोपरा का बिघडला ?" आम्ही विचारिले.

म्हातारबाबांनी चराच्या खालच्या अंगास बोट दाखविले. तेथे बोरू व कचरा यांनी चर तुंबलेला होता. मुलाने त्यांचे म्हणणे सांगितले : "नळ माझा आहे, पण चर सगळ्यांचा आहे. खालचे चौघे साफ करीत नाहीत, म्हणून वरचा मी बुडतो. पूर येत होता तेव्हा हे काम नदी करीत असे. आता ते आम्हां माणसांवर आले आहे, आणि माणसांस बोलवावे लागते."

नदीचे काम

नदी ते काम कसे करीत असे, हे पुढे आस्वानपर्यंतच्या बोटीच्या प्रवासात आम्ही समजून घेतले. मिसरी वर्षाचे पूर, पेरणी व सुगी असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू होते. उन्हाळ्याच्या अखेरीस पूर येई. आडवे-उभे बांध घालून केलेल्या मोठमोठ्या खाचरांत ते पाणी घेत व चाळीस-पंचेचाळीस दिवस उभे ठेवीत. गाळ तळाशी बसे, क्षार विरघळत, आणि मग पाणी नदीत परत सोडीत. ओल्या गाळात एकदा बी फेकले की पीक येईपर्यंत पुन्हा पाणी द्यावे लागत नसे. आपल्याकडे तळ्याचे पाणी ओसरल्यावर गाळपेर करितात, तशी सबंध देशाची शेती गाळपेर होती. उंचावरच्या बागांसाठी कोकणातील ओकतीसारखे साधन वापरीत. पुढे बैलांचे रहाटगाडगे आले. ह्या रीतीने वर्षास बहुधा एकच पीक येई, पण पाच हजार वर्षे जमीन बिघडली नाही, कारण दरसाल ती धुतली जाई.

एकोणिसाव्या शतकात कापूस आला. त्याला उन्हाळ्यात पाणी लागते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीने वऱ्हाड-खानदेशात कापसाचे भाव चढले, तसेच मिसरातही चढले. आणि मग बारमाही पाण्याची ओढ थांबली नाही. १९०२ साली आस्वानचे पहिले धरण झाले, ते दोनदा उंच केले, व फिली येथील इसिस देवीचे देऊळ वर्षातील बराच काळ पाण्यात राहू लागले. पुढे १९६० ते १९७० ह्या काळात उंच धरण झाले. ते १११ मीटर उंच असून त्याच्या मागचा जलाशय सुदानात शिरला आहे. अबू सिंबेल येथील दुसऱ्या रामेसीसची डोंगरात कोरलेली देवळे १९६४ ते १९६८ मध्ये हजारांहून अधिक तुकड्यांत कापून ६५ मीटर वर चढविली. फिलीचे देऊळ अगिल्किया बेटावर हलवून १९८० साली पुन्हा उघडले. आम्ही ही दोन्ही ठिकाणे पाहिली. सांधा कोठे आहे ते शोधून सापडत नाही. मिसर व सुदान मिळून सुमारे एक लाख नूबी लोकही त्याच वेळी उठविण्यात आले; त्यांची गावे मात्र पाण्याखालीच राहिली. धरणग्रस्त म्हणजे काय हे ज्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, त्यास अधिक सांगणे नको.

धरणास नावे ठेवणे सोपे आहे, पण न्यायाचे होणार नाही. १९८० नंतरच्या दशकात इथिओपियात भयंकर अवर्षण पडले, तेव्हा मिसरचे लोक ह्याच जलाशयाच्या पाण्यावर तरले. १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. पूर गेला तशी उपासमारीची भीतीही गेली. सेन्नेजेमने स्वर्गात मागितलेले बारमाही पाणी शेतकऱ्यास पृथ्वीवर मिळाले. मात्र गाळ धरणामागे अडकला, म्हणून खत विकत घ्यावे लागते. आणि जमीन धुणारा पूर गेला, म्हणून ती धुण्याचे काम चराला करावे लागते. पाणी देण्याची व्यवस्था सरकारने एका धरणाने केली. पाणी काढण्याची व्यवस्था शेताशेतातून करावी लागते, व ती दरसाल करावी लागते. आपल्या नीरेच्या कालव्याखाली व कृष्णाकाठी जे झाले, त्याचे मूळ ह्याहून निराळे नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांस सूचना

ज्या बंधूंस ही सफर करावयाची असेल त्यांनी कार्तिक ते माघ ह्या काळात जावे. त्यानंतर ऊन असह्य होते. मार्गदर्शक ठरविताना रोडा बेटावरील मापस्तंभ, सक्कारा येथील ती व मेरेरुका यांची थडगी, आणि लक्सर येथील मेन्ना व सेन्नेजेम यांची थडगी कार्यक्रमात घालण्याविषयी आधीच बोलावे, कारण ठरीव क्रमात ती बहुधा नसतात व काहींना निराळे तिकीट लागते. चित्रांस व दगडांस हात लावू नये; आमच्याकडून जे झाले ते चुकीचे होते. आणि बोटीतून नदीकडे पाहताना दोन्ही काठांच्या शेतांकडेही पाहावे. तेथील निम्मे प्राचीनत्व तेथेच आहे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही पाच जण आमच्या ओढ्याने चालत गेलो. तो आमच्या चोपण जमिनींच्या खालून जातो, व गेली कित्येक वर्षे वेड्या बाभळी आणि गाळ यांनी बुजलेला आहे. त्याच्या काठी एकंदर अकरा जणांच्या जमिनी आहेत. त्यांपैकी आठ जणांनी वर्गणी देण्याचे कबूल केले आहे, दोघे विचार करीत आहेत, आणि एक जण आमच्याशी बोलत नाही; त्याच्याकडे पुन्हा जावयाचे आहे. ओढ्याचा उतार मोजण्यासाठी ह्याच महिन्यात मोजणीदार बोलाविला आहे. मेन्नाच्या थडग्यातील दोरी सरकारच्या वसुलीसाठी ताणलेली होती. ही आम्ही आपल्या जमिनीसाठी ताणीत आहो. काम कोठवर आले ते सुगीनंतरच्या अंकात कळवू.